‘ढ’ म्हणून मागे बसवलेली आपली मुले

दिव्यांग हक्क कायदा 2016 ने डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता 21 दिव्यांगत्वांत धरली. कलम 16 नुसार शाळेने ती लवकर ओळखून तसे शिकवायचे आहे. प्रत्यक्षात निदान होते ते पैसा असलेल्या घरांत. वस्तीतले मूल वाचताना अडखळले की ‘ढ’ ठरते, वर जातीवरून टोमणा. त्यात पाचवी-आठवीत नापास करणे पुन्हा आले. म्हणजे शाळा सुटलीच!

विहारातल्या अभ्यासिकेत आपण स्पर्धा परीक्षांची पुस्तके ठेवतो, पण वेलांटी-जोडाक्षरात अडकलेल्यांसाठी काहीच नाही. मोठ्याने म्हणत वाळूत अक्षर गिरवणे, शब्द फोडून वाचणे तिथे रोज घेता येईल. प्रमाणपत्रासाठी मात्र आपल्यालाच पालकांसोबत सरकारी रुग्णालयात खेटे घालावे लागतील. दहावीला जादा वेळ, लेखनिक त्यावरच मिळतो.