सत्रान्ताचा निकाल आणि मुलांचे स्वास्थ्य

संपादक महाशय,


सत्रान्ती शाळांनी गुणानुक्रमाची यादी दर्शनी भिंतीवर लावावी आणि विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची चर्चा ही अभ्यास टाळण्याची सबब समजावी, असे प्रतिपादन करणाऱ्या गेल्या अंकातील लेखास उत्तर देणे अगत्याचे आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने परीक्षाच मोडीत काढली, हे लेखकांचे विधान निराधार आहे. कायद्याने मनाई केली ती आठवीपर्यंत मुलास त्याच इयत्तेत अडकवून ठेवण्यास. मूल्यमापन मात्र सर्वंकष व सातत्यपूर्ण असावे, असे कलम २९ स्पष्ट सांगते. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांस जादा अध्यापन आणि निकालानंतर दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, अशी तरतूद झाली.

स्वास्थ्य ही सवलतही नव्हे. मुलास भय व चिंता यांपासून मुक्त ठेवणे हे कलम २९ नेच अभ्यासक्रमाचे अंग मानले असून, कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मज्जाव केला आहे.

राहिला गुणानुक्रमाच्या यादीतून निर्माण होणाऱ्या चुरशीचा मुद्दा. यादीतील पहिल्या तिघांस तीमुळे उत्तेजन मिळत असेल. परंतु तळाच्या मुलास कोणता भाग उमगला नाही, अथवा घरकाम सांभाळून अपूर्णांक आत्मसात करणाऱ्या मुलीने किती मजल मारली, हे ती यादी सांगत नाही. ते प्रगतिपुस्तकातील शिक्षकाचा विचारपूर्वक लिहिलेला शेराच सांगू शकतो. शाळांनी आपले श्रम तेथे खर्च करावेत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा