पट्टीतला गांधार

बालगंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका ज्या घरांतून अजून आवडीने ऐकल्या जातात, तेथील तरुण मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात. गळ्यामागे भरून राहिलेला, श्वास घेण्यासाठीही न थांबणारा तो सूर कशाचा? आमच्या सप्तापुरातही आम्हांस हे अनेकदा विचारण्यात आले आहे. तो सूर ऑर्गनचा.

हे नाव ख्रिस्ती मंदिरातल्या वाद्याचे. मूळ ऑर्गन नळ्यांचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने पाण्याच्या दाबाने वारा स्थिर ठेवून नळ्या वाजविल्या. तेथून त्याचा वंश सुरू होतो. त्यात प्रत्येक स्वराला स्वतंत्र नळी, आणि खर्जातले स्वर आठ-आठ, सोळा-सोळा फूट उंचीच्या नळ्यांतून निघतात. गावोगाव बिऱ्हाड हलविणाऱ्या नाटकमंडळ्यांना हे धूड कोठून पेलणार? त्यांनी घेतला तो पायाने भाता चालविण्याचा, पितळी रीडचा ऑर्गन. आपल्याच भागातल्या गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले. त्या परंपरेत पुढे ऑर्गन स्थिरावला, आणि गंधर्व नाटक मंडळीत हरिभाऊ देशपांडे यांच्या हाती तो गायकाची सावली झाला.

परंतु पट्ट्यांच्या वाद्याला एक जन्मजात खोड आहे. ती सर्वांत स्पष्ट दिसते गांधारात. सुरेल तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो गांधार आपसूक ऐकू येतो, त्याचे षड्जाशी प्रमाण पाचास चार. पेटीतला गांधार त्याहून चढा असतो. किती? दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे शंभर भाग कल्पिले, तर सुमारे चौदा भाग. किराणा घराण्याच्या सुरावर पोसलेल्या धारवाडकर कानाला ही वाढ टोचल्यावाचून राहत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की कोणत्याही पट्टीपासून गाता येते. त्या सोयीची ही किंमत.

ही अडचण आपण हिंदी लोकांनीच शोधून काढली, असा एक लाडका समज आहे. तो खरा नव्हे. चर्चच्या ऑर्गनकारांना ती फार पूर्वी ठाऊक होती. लंडनच्या टेंपल चर्चसाठी बर्नार्ड स्मिथने १६८० च्या दशकात जो ऑर्गन बांधला, त्यात दोन काळ्या पट्ट्या मधोमध चिरून सप्तकात बाराऐवजी चौदा स्वर बसविले होते. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० साली प्रसिद्ध केला; क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या साहाय्याने श्रुतिपेटी घडविली गेली; अब्दुल करीम खाँसाहेबांनी या संशोधनास आपला गळा दिला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत मात्र त्या पेटीवरून खडाजंगी झाली, आणि पंडित भातखंडे यांना ती पटली नाही. आमच्या मते दोन्ही पक्षांत तथ्य होते. देवलांचा कान खरा; पण राग गाताना स्वर हालतो, डोलतो, आणि बावीस पट्ट्या केल्या तरी त्या जागच्या जागीच राहतात.

याच्या उलट टोक गाठले आकाशवाणीने. १९४० साली तिने पेटीला दार बंद केले, ते १९७१ पर्यंत नीट उघडले नाही. धारवाड केंद्र १९५० साली सुरू झाले, म्हणजे त्याची पहिली वीसेक वर्षे पेटीवाचूनच गेली. शास्त्र म्हणून हे ठीक असेल. पण संगीत नाटकावर वाढलेल्या कुटुंबांना त्याचे वाईट वाटले, आणि ते वाटणे आम्हांस अयोग्य वाटत नाही. गंमत अशी की, पेटीची निंदा करणारा गवईही आपली पट्टी सांगताना 'काळी चार' किंवा 'पांढरी पाच' असेच सांगतो!

कोणा वाचकाच्या माजघरात आजोबांचा ऑर्गन पडून असेल, तर तो भंगारात देऊ नये. भात्याचे चामडे बदलता येते, आणि गांधारही उतरविता येतो: रीडचे टोक किंचित घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. काम जाणत्या कारागिराचेच, कारण घासलेले पितळ परत येत नाही. एका गायकाच्या षड्जाला धरून हे केले तर ऑर्गन तंबोऱ्याशी मिळून जातो. मात्र घरात दुसरी पट्टी असलेली सून किंवा नातू गाऊ लागला, की तोच ऑर्गन बेसूर बोलेल. तेव्हा कोणाच्या गळ्यासाठी तो लावून घ्यायचा, हे घरातल्यांनी आधी बसून ठरवावे.