श्रेय दिग्दर्शकाला, बोल नटीला

शृंगार आणि भय यांवर उभ्या असलेल्या सिनेमातल्या नट्यांचा विषय निघाला की नाशिकच्या चित्रपटप्रेमींत दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. हे युरोपातलं थेर, आपलं नव्हे. आणि, अशा भूमिकेत अभिनय कसला? दोन्ही मला साफ अमान्य आहेत.

पहिल्याला उत्तर नाशिकनेच दिलंय. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके मुंबईहून इथे आले आणि १९१३ साली त्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ केला. नाचता नाचता असुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावून भस्म करणारी मोहिनी आपल्या पुराणातली, परक्या मुलखातली नव्हे. ती साकारली कमलाबाई गोखले यांनी, पार्वती झाल्या त्यांच्या आई दुर्गाबाई कामत. भारतीय पडद्यावरच्या या पहिल्या स्त्रिया. त्याआधी ‘राजा हरिश्चंद्र’साठी फाळक्यांना वेश्यावस्तीतूनही नटी मिळाली नव्हती. तारामती झाले उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. नवऱ्यापासून वेगळं होऊन नाटक कंपनीच्या आधारे मुलीला वाढवणाऱ्या दुर्गाबाईंनी पाऊल टाकलं, तरी १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये सीता पुन्हा साळुंकेच, आणि रामही तेच! बाईने पडद्यावर येणं किती जड होतं, ते यावरून कळावं.

अभिनयाचं म्हणाल, तर इटालियन दिग्दर्शक मारिओ बावाचा ‘ब्लॅक संडे’ (१९६०) बघा. आतून खिळे असलेला मुखवटा चेटकिणीच्या चेहऱ्यावर घणाने ठोकतात. ती परत उठते तेव्हा चेहऱ्यावर भोकं तशीच. ती चेटकीण आणि निष्पाप राजकन्या, दोन्ही बार्बरा स्टीलच. इंग्रजी आवृत्तीत आवाजसुद्धा दुसरीचा. म्हणजे क्रौर्य आणि भीती यांतला सगळा फरक तिने नुसत्या डोळ्यांनी दाखवला. मूकपटातल्या कमलाबाईंकडेही शब्द नव्हते. याला अभिनय म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं? तरी चित्रपट ‘बावाचा’, आणि बदनामी तेवढी नटीची. हा अन्याय आहे.

कमलाबाईंना ऐन तारुण्यात वैधव्य आलं. नाटकात काम करून त्यांनी तीन मुलं वाढवली; अभिनेते चंद्रकांत गोखले त्यांतलेच. त्या शेवटच्या दिसल्या १९८०च्या ‘गहराई’त, आणि तीही भूतबाधेचीच कथा.

पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळक्यांचं स्मारक आहे, ते हवंच. तिथेच रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’ हा माहितीपटही दाखवला जावा. त्यात उतारवयातल्या कमलाबाई स्वतः बोलतात. आक्षेप घेणाऱ्यांनी पुढच्या रांगेत बसून त्यांचं ऐकावं.