प्राइस गाइडमधली किंमत सोडून बाकी सगळं वाचा

जुनी रंगीत काच जमवणाऱ्या प्रत्येकाच्या कपाटात एक जाडजूड प्राइस गाइड असतं आणि त्यातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग म्हणजे त्यात छापलेल्या किमती. हे मत मी अनेक संग्राहकांसमोर मांडलं आहे. काहींना ते पटलं, काहींनी मला वेड्यात काढलं. आज सविस्तर लिहितो.

आधी एक प्रश्न निकालात काढतो, कारण तो दर वेळी येतोच. "दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या माणसाने काच कशाला जमवायची?" काळ्या ट्रंकेत, घोंगड्यांच्या घड्यांमध्ये काच छान प्रवास करते. या काचेची ओढ लागली ती फोर्ट लेव्हनवर्थला. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, मिसूरी नदीच्या काठावर त्यांच्या सैन्याचं स्टाफ कॉलेज आहे, तिथे वर्षभराचा कोर्स होता. आसपासच्या गावांत 'अँटीक मॉल' असतात. एक मोठी शेड आणि आत शंभरेक विक्रेत्यांची कुलूपबंद कपाटं. शनिवारी तिथे फिरताना गुलाबी, हिरव्या, पिवळसर, गडद निळ्या काचेच्या बश्या दिसायच्या. अनेक चिठ्ठ्यांवर किमतीच्या शेजारी आणखी एक आकडा लिहिलेला असायचा. 'बुक' अमुक डॉलर, आमच्याकडे तमुक. हे 'बुक' म्हणजे काय याची चौकशी केली आणि मग तीच पुस्तकं वाचायला लागलो.

ही काच म्हणजे 'डिप्रेशन ग्लास'. 1920 च्या दशकाच्या शेवटापासून 1940 च्या आसपासपर्यंत अमेरिकेतल्या कारखान्यांनी यंत्रावर, साच्यात दाबून काढलेली स्वस्त टेबलाची भांडी. ओहायोतली हॉकिंग आणि फेडरल, पेनसिल्व्हेनियातली जेनेट, इंडियानातली इंडियाना ग्लास, वेस्ट व्हर्जिनियातली हेझल-अ‍ॅटलस ही त्यातली मोठी नावं. मंदीचा काळ होता. क्वेकर ओट्सच्या डब्यात काचेचं भांडं फुकट मिळायचं, सिनेमागृहं ठरावीक रात्री तिकिटाबरोबर बशी द्यायची, पाच-दहा सेंटच्या दुकानांत तर ढीग लागलेले असत. बेकारीच्या दिवसांत एखाद्या घराला सबंध सेट असाच एकेक नग करून जमला असेल. म्हणजे ही श्रीमंतांची काच नव्हे. तिला किंमत आली ती नंतर.

ती कशी आली हेही पाहण्यासारखं आहे. 1970 मध्ये हेझल मरी वेदरमन या मिसूरीतल्या बाईंनी 'कलर्ड ग्लासवेअर ऑफ द डिप्रेशन एरा' हे पुस्तक काढलं. कारखान्यांचे जुने कॅटलॉग आणि व्यापारी मासिकं चाळून कोणता नमुना कोणाचा, कोणत्या सालचा, याचा त्यांनी छडा लावला. 1972 मध्ये जीन फ्लॉरेन्स यांचा डिप्रेशन ग्लासचा कोश आला आणि पुढे त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. वेदरमन बाईंनी किमतींच्या वेगळ्या पुस्तिकाही काढल्या. फ्लॉरेन्स यांच्या कोशात प्रत्येक नमुन्याखाली तक्ता असतो. उभ्या यादीत कप, बशी, जग, लोण्याचं भांडं, मीठदाणी, आडवे रंग, आणि प्रत्येक चौकटीत डॉलर.

हा तक्ता पाहून नवा माणूस समजतो, की ही सरकारी दरपत्रकासारखी काही वस्तू आहे. तशी ती नाही. एक, ही किंमत निर्दोष नगाची असते. काठाला नखाएवढा टवका, सुरीचे ओरखडे किंवा वारंवार धुऊन आलेला पांढुरका धुरकटपणा असला, तर तो आकडा त्या नगाला लागूच होत नाही. दोन, ती दुकानात मागितली जाणारी किंमत असते. तोच नग तुम्ही विकायला गेलात तर दुकानदार निम्मी देईल, बऱ्याचदा त्याहूनही कमी. तीन, माहिती गोळा करणं, छापणं, वितरण यात वेळ जातो, त्यामुळे पुस्तक हातात येईपर्यंत आकडा शिळा झालेला असतो. आणि चार, जे सर्वांत महत्त्वाचं. दुकानदार पुस्तक बघून चिठ्ठी लिहितो आणि पुढच्या आवृत्तीचा लेखक दुकानातल्या चिठ्ठ्या बघून आकडा ठरवतो. दोघं एकमेकांच्या वहीत बघून उत्तर लिहीत असतील तर ते उत्तर बरोबर आहे हे कोणी तपासायचं?

तपासलं ते इंटरनेटने. 1995 मध्ये ईबे सुरू झालं. एका राज्यात दुर्मीळ म्हणून ओळखला जाणारा जग दुसऱ्या राज्यातल्या माळ्यांवर पडून होता हे घरबसल्या दिसू लागलं. त्यात पिढी बदलली. आजीचा बारा जणांचा सेट नातीला नको असतो, कारण तो डिशवॉशरमध्ये टाकता येत नाही. साध्या नगांचे भाव घसरले. पुस्तकातला आकडा मात्र कागदावर तसाच राहिला. आमच्या कोर्समधल्या एका मित्राच्या पत्नीने, आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणायचो, पुस्तकी किमतीच्या दोन तृतीयांश भावात 'स्वस्तात' सहा गुलाबी बश्या घेतल्या. तशाच बश्या पुढच्या महिन्यात एका घरगुती विक्रीत चौथ्या हिश्शात मिळत होत्या. वहिनींना काच ओळखता येत होती, बश्या अस्सलच होत्या. पण पुस्तकातला आकडा एकदा डोक्यात बसला, की त्याखालचं सगळं स्वस्त वाटायला लागतं.

फौजेत हे आपल्याला वेगळ्या शब्दांत शिकवलेलं असतं. नकाशाच्या कडेला सर्वेक्षणाचं साल छापलेलं असतं आणि कोणीही जाणता माणूस ते आधी वाचतो. नकाशा आणि जमीन जुळत नसतील तर जमीन खरी. ज्यांनी कधी मेस सेक्रेटरीचं काम केलं आहे त्यांना दुसरा दाखला चटकन पटेल. मेसच्या चांदीच्या लेजरमध्ये एखाद्या जुन्या ट्रॉफीपुढे खरेदीच्या वेळची किंमत लिहिलेली असते, काही रुपये. त्या आकड्यावरून कोणी ट्रॉफीचं मोल करत नाही. लेजर वाचायचं ते ती कोणी दिली, कधी दिली, वजन किती, त्यावर काय कोरलं आहे यासाठी. प्राइस गाइडही असंच वाचावं.

कारण किमतीचा रकाना झाकला तर ही पुस्तकं अमोल आहेत. कोणत्या नमुन्यात कोणते नग निघाले आणि कोणते कधी निघालेच नाहीत, हे ती सांगतात. झाकणं आधी फुटतात, म्हणून झाकणासकट लोण्याचं भांडं दुर्मीळ. कप फुटतो आणि बशी उरते, म्हणून बश्या पैशाला पासरी. हे तर्काने कळतं, पण नमुन्या-नमुन्यातला फरक पुस्तकच सांगतं.

आणि ती नकली माल सांगतात. फेडरल कंपनीने 'माद्रिद' हा नमुना 1930 च्या दशकात काढला. 1976 मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीला, तिनेच तो 'रिकलेक्शन' नावाने पुन्हा काढला आणि प्रत्येक नगात 76 हा आकडा टाकला. इथवर व्यवहार स्वच्छ होता. पुढे ते साचे इंडियाना ग्लासकडे गेले, आकडा काढून टाकला गेला आणि गुलाबी, निळ्या रंगात नवा माल निघाला. हे माहीत नसलेला माणूस नव्या बशीला जुन्या बशीची किंमत मोजतो. जेनेटच्या 'अ‍ॅडम' नमुन्याच्या लोण्याच्या भांड्याचं तर पुस्तकात चक्क टेहळणीसारखं वर्णन आहे. झाकणावरच्या मोठ्या पानांच्या शिरा मधल्या शिरेला भिडतात का ते पाहा. भिडत असतील तर जुनं, अलीकडेच थांबत असतील तर नवं. तळ उलटा करा आणि बाणांसारखी टोकं होकायंत्राच्या कोणत्या दिशांना आहेत ते पाहा. हे वाचून मी त्या लेखकाला मनातल्या मनात सलाम ठोकला.

एक इशारा. हल्ली अनेक जण अतिनील टॉर्च घेऊन बाजारात फिरतात. काही हिरव्या काचेत थोडं युरेनियम असे, ती अंधारात झगझगीत हिरवी चमकते. पण चमकली म्हणजे जुनी, असं नाही. दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या प्रकल्पामुळे अमेरिकेत काचेसाठी युरेनियम मिळणं बंद झालं. 1958 मध्ये ते पुन्हा मिळू लागलं आणि अशी काच नव्याने निघू लागली. टॉर्च युरेनियम दाखवतो, साल दाखवत नाही. साल सांगायला पुन्हा पुस्तकच लागतं.

"मग किंमत ठरवायची कशी? पुस्तक नसेल तर दुकानदार लुबाडणार," असं काही जण म्हणतात. मुद्दा रास्त आहे. माझी पद्धत साधी आहे. ऑनलाइन पाहताना मागितलेली किंमत न बघता प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांची बघायची. पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहायचं: कुठे पाहिला, कधी, कोणत्या अवस्थेत, किती मागितले, कितीला गेला. वर्षभरात समासातली यादी छापलेल्या तक्त्यापेक्षा खरी होते. आणि पुस्तकाची नवी आवृत्ती घ्यायची ती भावांसाठी नाही, नकली मालाची यादी दर आवृत्तीत वाढते म्हणून. बाकी ओळख पटवायला वीस-तीस वर्षांपूर्वीची प्रत तितकीच चालते आणि हल्ली ती चहा-नाश्त्याच्या पैशात मिळते.

आता घराकडचं. पुढे आग्र्याला पोस्टिंग होतं आणि फिरोजाबाद तिथून तासाभराच्या अंतरावर. बांगड्यांचं शहर. 'कार्निव्हल ग्लास' म्हणजे गरम काचेवर धातूंच्या क्षारांचा फवारा मारून आणलेली इंद्रधनुषी झाक. अमेरिकेत फेंटन कंपनीने 1907-08 च्या सुमारास ती बाजारात आणली. तशीच केशरी-सोनेरी झाकेची काच फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्समध्येही निघत होती. माशाच्या आकाराच्या फुलदाण्या, हाताने धरलेल्या फुलदाण्या, तळाशी रोमन अक्षरांत जैन हे नाव असलेले पेले. ब्रिटनमधल्या ग्लेन आणि स्टीफन थिसलवूड या दांपत्याने तिचा मागोवा घेतला, तिच्यावर लिहिलं. आज तिकडचे संग्राहक ती नावानिशी ओळखतात. फिरोजाबादच्या एका दुकानदाराला मी फोनवर फोटो दाखवला. तो म्हणाला, "कर्नल साहब, ये तो हमारे घर में भी था. कबाड़ी को दे दिया."

त्या माणसाला दोष द्यायचं कारण नाही. ज्या वस्तूला यादीत नाव नाही ती भंगारातच जाते. आपल्या महाराष्ट्राचंच घ्या. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून, लोकमान्यांच्या पाठिंब्याने, 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. तिथे शिकलेल्यांनी पुढे देशात ठिकठिकाणी काच ओतली. कराडजवळ ओगलेवाडीला ओगले ग्लास वर्क्स उभा राहिला आणि त्यांचा 'प्रभाकर' कंदील घरोघरी गेला. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. पण कंदिलाची काच सोडली तर या कारखान्यांचे पेले, बरण्या, दिव्यांच्या चिमण्या हातात घेऊन 'ही तळेगावची' असं ठामपणे सांगता येईल असं, नमुन्यावार फोटो असलेलं पुस्तक माझ्या तरी पाहण्यात नाही. अमेरिकेत ओट्सच्या डब्यातल्या फुकट बशीलासुद्धा नाव, साल आणि साचा आहे. वेदरमन बाईंना त्यांच्या देशातल्या मंदीच्या काचेसाठी जे करावंसं वाटलं, ते आपल्या स्वदेशीच्या काचेसाठी कोणीतरी करायला हवं आणि ते जुने कामगार, त्यांची मुलं हयात आहेत तोवर करायला हवं.

वाचकांपैकी कोणाच्या घरी माळ्यावर अशी काच असेल तर एवढं करा. पांढऱ्या कपड्यावर ठेवून, शेजारी पट्टी धरून, वरून, बाजूने आणि तळाचा असे तीन फोटो काढा. तळावर अक्षरं असतील तर ती आडवा उजेड टाकून टिपा. वस्तू कोणाची, कुठून आणि साधारण कधी आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून मागे लिहून ठेवा. किंमत लिहिली नाहीत तरी चालेल.