फोटो कापू नका राव!

राईट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाचा फोटो फॉरवर्डमध्ये येतो तो बरेचदा कडा कापून, रंग फासून. मला हे अजिबात पटत नाही.

१७ डिसेंबर १९०३, किल डेव्हिल हिल्स, अमेरिका. ऑर्व्हिलने कॅमेरा आधीच स्टँडवर लावून रुळाच्या टोकाशी रोखून ठेवला होता. किनाऱ्यावरच्या जीवरक्षक केंद्रातल्या जॉन डॅनियल्सला एवढंच सांगितलं, विमान उठलं की रबरी फुगा दाब. उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पठ्ठ्याने बरोब्बर दाबला!

आता अख्खा फोटो बघा. मागे पडलेला रूळ, पंख टेकवायचं बाकडं, कॉइलची पेटी आणि पंख सोडून धावणारा विल्बर. हा 'कचरा' कापला की उरते नुसती जादू. तो असला की दिसते मेहनत.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा फोटो म्हणजे लॉग आहे. उड्डाणाआधी लॉगिंग चालू करणारे हे खरे इंजिनियर! आणि लॉगमधल्या ओळी सुंदर दिसाव्यात म्हणून कोणी उडवतं का?

काचेची मूळ निगेटिव्ह १९१३ सालच्या डेटनच्या महापुरातून वाचली. आपल्या कात्रीतूनही वाचू दे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर अख्खा फोटो फुकट आहे. पाठवायचाच तर तो पाठवा.