काटकसर नेमकी कशात?

पार्ल्याहून धावणाऱ्या जुन्या १५०० व्होल्ट डीसी लोकल सुटताना बरीच वीज नुसती तापण्यात जाई. मोटारींना सुरुवातीला कमी व्होल्टेज मिळावे म्हणून वाटेत रेझिस्टन्स घातलेले असत. नव्या गाड्यांत ते काम सेमीकंडक्टर स्विचकडे गेले. त्याच लोकलने भागुभाई पॉलिटेक्निकला किंवा संघवी कॉलेजला येणाऱ्या विद्यार्थ्यापुढे हाच पेच छोट्या रूपात असतो: बॅटरीच्या १२ व्होल्टचे ५ व्होल्ट कसे करायचे?

‘७८०५’ ही आयसी काही रुपयांत मिळते. पण १ अँपिअर प्रवाहाला ती ५ वॅट वापरू देते आणि ७ वॅट उष्णतेत घालवते. मग हीटसिंक लावावा लागतो, बॅटरीही लवकर उतरते.

स्विचिंग रेग्युलेटर वीज जाळत नाही, तुकड्यातुकड्यांनी सोडतो. ‘एलएम२५९६’ ही आयसी सेकंदाला सुमारे दीड लाख वेळा स्विच चालू-बंद करते. त्यातला साधारण ४२ टक्के वेळ तो चालू राहतो. कॉइल ऊर्जा साठवते, स्विच बंद असताना डायोड प्रवाहाला वाट देतो आणि कपॅसिटर चढउतार सपाट करतो. सुमारे ८० टक्के कार्यक्षमता धरली तर वाया जाते फक्त सव्वा वॅट. बॅटरी जवळपास दुप्पट टिकते.

इथपर्यंतची काटकसर योग्यच. चुकीची काटकसर पुढे सुरू होते. हाताशी आहे म्हणून ‘वन एन ४००७’ डायोड लावला जातो. तो हजार व्होल्ट सोसतो, पण इतक्या वेगाला मंद पडतो आणि तापतो. इथे शॉटकी डायोडच हवा. आतला स्विच शॉर्ट झाला तर १२ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या उपकरणात शिरतात. इनपुटला फ्यूज आणि आउटपुटला झेनर असेल तर निदान पुढचे उपकरण वाचण्याची आशा राहते. शिवाय या सर्किटमध्ये इनपुट आणि आउटपुटची एक तार सामाईक असते. त्यामुळे घरातल्या २३० व्होल्टला ते थेट जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. तिथे ट्रान्सफॉर्मरने विलग केलेला, प्रमाणित अडॅप्टरच हवा.

म्हणून प्रकल्पाला गुण देताना ‘किती रुपयांत झाले?’ एवढेच विचारू नये. ‘बिघडले तर काय होईल?’ हेही विचारावे. पैसे उष्णतेवरचे वाचवावेत, फ्यूजवरचे नव्हेत.