तांब्याभर पाणी

मराठीच्या प्राध्यापकाने समुद्राशी संबंध ठेवावा तो किनाऱ्यावर बसून, भेळ खात! पण गेल्या वर्षी समुद्रच आमच्या दिवाणखान्यात राहायला आला. ‘नववीत चांगले गुण मिळव, मग बघू,’ असे मी चिरंजीवांना बेसावध क्षणी म्हणालो होतो. चिरंजीवांनी गुण मिळवले आणि मला बघावे लागले.

चार फूट लांब काचेची टाकी, तीत 200 लिटर पाणी आणि लिटरमागे 35 ग्रॅम क्षार. खडक मात्र भट्टीत भाजलेला, सिरॅमिकचा. कारण समुद्रातली खडकाळ पोवळी 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात वाघाच्या पंक्तीला बसली आहेत. ती घरात आणायची सोय नाही. रहिवासी म्हणाल तर दोन नारिंगी विदूषक मासे, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या तीन कोळंब्या, डझनभर गोगलगायी आणि दुसऱ्याच्या शंखात बिऱ्हाड थाटणारे चार खेकडे.

ह्या संसारात माझ्याकडे एकच काम आले. टाकीतले पाणी वाफ होऊन उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते. सकाळच्या चहाआधी हे काम मी देवपूजेच्या निष्ठेने करीत असे.

श्रावणात एक कोळंबी खडकापाशी मरून पडलेली दिसली. चिरंजीव हसले. “बाबा, ती मेली नाही, तिने कात टाकलीय.” आणि खरोखरच मूळ मालकीणबाई कपारीतून मिशा हलवीत बाहेर आल्या. पण आठ दिवसांनी त्या गेल्या त्या कायमच्याच. मागोमाग दुसरी, मग गोगलगायी एकेक करून. प्रेत म्हणून कुठे नाही! टाकीत मेलेल्याचे क्रियाकर्म खेकडे आणि वाळूतले किडे एका रात्रीत उरकतात, हे तेव्हा समजले. मासे मात्र मजेत पोहत होते.

कोणी तरी लपून खात असावे, असा आमचा तर्क झाला. 2009 साली इंग्लंडात न्यूक्वे येथील मत्स्यालयात मासे असेच नाहीसे होत होते. शेवटी सगळा खडक उचकटला तेव्हा आत चार फुटांचा एक किडा निघाला. ही हकीगत ऐकल्यावर मला झोप येईना. बाटलीत आमिष घालून सापळा लावला, दोन रात्री विजेरी घेऊन पहारा केला. सापळ्यात आला तो आमचाच एक खेकडा!

मग, वाचकहो, माणूस जे करतो तेच मी केले. चोर सापडेना, तेव्हा घरातलाच माणूस धरला. “तुझ्या हाती जीव दिले होते, खेळणी नव्हेत! हयगय झाली आहे तुझी.” चिरंजीवांनी मुकाट्याने एक वही पुढे केली. त्यात रोजचे क्षार, तपमान, अमोनिया, सारे तारीखवार मांडलेले. मी ती उघडूनही पाहिली नाही. दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या तपासण्यात उभी हयात घालवणारा मी! त्यानंतर बाप-लेकांत चार दिवस बोलणे नव्हते.

दिवाळी आठवड्यावर आली. स्वयंपाकघरात सौभाग्यवती चिंच लावून तांब्याचे पिंप घाशीत होत्या. तिथूनच आवाज आला, “अहो, ह्या घरात एवढं पाणी पितं तरी कोण? रोज सकाळी पिंप दोन-तीन तांब्यांनी कमी!”

चिरंजीवांनी मान वर केली. “बाबा, तुम्ही टाकीत कुठलं पाणी घालता?”

“हेच की! तुझं ते आर. ओ.चं पाणी निःसत्त्व. आमच्या आजीने आम्हाला तांब्यातल्या पाण्यावर वाढवलं.”

तो काही बोलला नाही. तांबे तपासायची पेटी आणून त्याने परीक्षानळीत टाकीचे पाणी घेतले, चार थेंब सोडले. पाण्याचा रंग बदलला आणि माझ्याही चेहऱ्याचा. रात्रभर पिंपात राहिलेल्या पाण्यात तांबे किंचित उतरते. ते माणसाला बाधत नाही; पण टाकीत पाणी उडते, तांबे मात्र मिठासारखेच मागे साचत जाते. माशांना जे सोसते ते कोळंबी-गोगलगायींना सोसत नाही. गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यही तांब्याचेच! थोडे असले तर जीवन, साचले तर विष.

उरलेली कोळंबी आणि पाच गोगलगायी आम्ही दोघांनी ताज्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवल्या. टाकीचे पाणी पुन्हा पुन्हा बदलले, गाळणीत सक्रिय कोळसा घातला. खडक तांबे शोषून ठेवतो आणि सावकाश सोडतो; म्हणून तपासणीत तांबे दिसेनासे होईपर्यंत नवा जीव आणायचा नाही, असे ठरले.

त्या रात्री मी ती वही पहिल्या पानापासून वाचली. एकही दिवस चुकलेला नव्हता. “चुकलो रे,” मी म्हणालो. बापाच्या तोंडून हा शब्द निघायला घशात किती कात टाकावी लागते, ते बापांनाच ठाऊक.

चिरंजीवांनी पेन माझ्या हातात दिले. “ह्यात एकच रकाना राहिला होता, बाबा. पाणी किती घातलं आणि कुठलं. तो आता तुम्ही भरायचा.”

रोज सकाळी चहाआधी तो मी भरतो. शेवटी सहीही करतो.